वाजलेला फोन मोजत नाहीत

दोराला पीळ बसत असताना काम मधेच सोडून जाता येत नाही. एक माणूस चाकाशी आणि एक पेडांशी, दोघांनी शेवटापर्यंत आपापल्या जागी राहायचं. कुणी हात सोडला तर तिन्ही पेड गुरफटून एकमेकांत शिरतात आणि सकाळपासून भिजवून, झोडून, विंचरून घेतलेला घायपाताचा वाख मातीत जातो. म्हणून फोन वाजला तेव्हा दोरवाली धावली नाही. पेडांमध्ये धरलेला खाचांचा लाकडी ठोकळा पुढं सरकवत तिनं नवऱ्याकडं बघितलं.

"वाजतोय," ती म्हणाली.

"मी बहिरा नाही," दोरवाला म्हणाला. चाकाचा दांडा त्यानं थांबवला नाही.

"थोरलीच असणार. आज तिला सुटी."

"मग शिंपिणीला हाक मार. मला काय सांगतेस?"

हाक मारावी लागली नाही. समोरच्या ओट्यावर मशिन चालवणारी शिंपीण टाचण्या तोंडात धरूनच रस्ता ओलांडून आली, बूथमध्ये शिरली, टाचण्या काढून पदराला खोचल्या आणि ओरडली, "थांब गं पोरी, तुझी आई दोरात आहे. ठेवू नकोस, मी तुला तोवर आमच्या सुनेचं सांगते."

बूथ दोरवाल्याच्या अंगणाच्या कडेलाच होता. लोखंडी सांगाडा, दोन बाजूंच्या काचा कधीच गेलेल्या, आत नाणं टाकायचा फोन. इथं दिवसभर माणसं राबत असतात, राखण आपोआप होईल, म्हणून खात्यानं तो इथं उभा केला होता. राखणीचं काही मिळत नसे. पण दोरवाली रोज तो पुसायची, आतल्या कोपऱ्यातली कोळिष्टकं काढायची. वस्तीतली जी मुलगी लग्न होऊन गेली, जो नवरा कामाला लांब गेला, त्यानं हाच नंबर पाठ करून नेला होता. फोन वाजला की जवळचं माणूस उचलायचं, "कुणाला बोलवू?" विचारायचं आणि गल्लीत हाक द्यायचं. बोलावलेलं माणूस आत गेलं की बाकीच्यांनी अंगणाच्या कुडापलीकडं उभं राहायचं. कुणाचं बोलणं कुणी ऐकायचं नाही. हा नियम कुणी सांगितलेला नव्हता, पण कुणी मोडलाही नव्हता.

दोर पुरा झाला. दोरवालीनं शेवटाला गाठ मारली आणि ओले हात लुगड्याला पुसत ती बूथकडं गेली. शिंपीण गुपचूप बाहेर आली आणि कुडापलीकडं गेली.

"बोल," दोरवाली म्हणाली.

"आई, मोठ्यानं बोल."

"मोठ्यानंच बोलतेय. जेवलीस का?"

"काय?"

"जेवलीस का म्हटलं."

"थांब, दुसऱ्या कानाला लावते." खुडखुड झाली. "हं, आता बोल."

दोरवालीनं रिसीव्हर कानाशी आणखी दाबला. फोनची दोरी तिनं बोटाभोवती गुंडाळली.

"त्या कानाला काय झालं?"

"काही नाही."

"कधी मारलं?"

पलीकडून दुकानाच्या गल्ल्यावरचा गलबला ऐकू येत राहिला. थोरली काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात बाटल्या निवडायला जायची. कारखान्याच्या फाटकासमोर किराणा दुकान होतं, तिथून ती सुटीच्या दिवशी फोन करायची.

"मागच्या आठवड्यात," थोरली म्हणाली. "डाव्या कानात नुसता घूं आवाज येतो. आई, मी येते. आता नाही राहवत."

"आम्ही येतो न्यायला. आजच निघतो."

"नको. बाबा आले होते तेव्हा काय केलं त्यांनी? अंगणात बसवून ठेवलं आणि मला आत कोंडलं. बाबांना पाणीसुद्धा दिलं नाही. ते घरी असताना येऊ नका. पुढच्या सुटीला ते माल पोचवायला जाणार आहेत, दोन दिवस नाहीत. ते गेले की मी निघते आणि दुपारी फोन करून सांगते कुठल्या गाडीनं येते. बाबांना फाट्यावर उभं कर. एकटी उतरले तर तिथले लोक ओळखतील, लगेच त्यांना कळवतील."

"बरं."

"आणि धाकट्याला सांगू नकोस."

"नाही सांगत."

धाकटा म्हणजे थोरलीचा भाऊ. तो टेम्पो चालवायचा. त्याच्याकडं मोबाइल होता, आणि तो मोबाइल मेव्हण्यानंच त्याला भेट दिलेला होता. एकदा थोरलीनं त्या मोबाइलवर फोन करून भावाला सांगितलं होतं की, घरात मला उपाशी ठेवतात. भाऊ भला. त्यानं समजूत घालायची म्हणून लगेच मेव्हण्याला फोन लावला. त्या संध्याकाळी थोरलीला जे सोसावं लागलं ते धाकट्याला अजून माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, आपण भांडण मिटवलं.

दोरवाली बाहेर आली. नवरा पुढच्या दोरासाठी चाकाच्या आकड्यांना वाख अडकवत होता. तिनं जवळ जाऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. हातातला वाख त्यानं इतका आवळला की तळव्यातल्या घट्ट्याची सालपटं निघाली.

"पुढच्या सुटीला," तो म्हणाला. "ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर लाइनमन सायकलवरून आला. हा माणूस जुना. खांबावर चढण्याआधी इथंच पाणी पिऊन जाणारा. आज त्यानं पाणी मागितलं नाही. पिशवीतून एक कागद काढून बूथच्या राहिलेल्या काचेला चिकटवला आणि अंगठ्यानं चारी कोपरे दाबत बसला.

"कसला कागद, भाऊजी?" दोरवालीनं विचारलं.

"वहिनी, फोन काढणार आहेत."

"का? चांगला चालतो की."

"चालतो, पण कुणी करत नाही. मीटर शून्य. आता सगळीकडचेच काढतायत."

"कुणी करत नाही? दिवसभर वाजत असतो. परवा तुम्हीच इथं बसला होतात तेव्हा दोनदा वाजला."

लाइनमननं घाम पुसला. "वाजलेला फोन मोजत नाहीत, वहिनी. इथून केलेला मोजतात."

दोरवालीला आधी कळलंच नाही. त्यानं पुन्हा समजावलं. नाणं टाकून इथून बाहेर फोन लावला तर मीटर पडतं. बाहेरून इथं कितीही फोन आले तरी खात्याच्या लेखी ते नसतात.

"म्हणजे माझी मुलगी तिथून बोलते, मी इथं ऐकते, ते बोलणं झालंच नाही?"

"झालं. पण मीटरला दिसलं नाही."

"कधी काढणार?"

"ठेकेदार येईल. आठ-पंधरा दिवसांत."

दोरवाल्यानं चाक थांबवलं. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत बायकोनं त्याला दोर अर्धा असताना चाक थांबवताना पाहिलं नव्हतं. पण पेड अजून बसायचे होते, नुकसान झालं नाही.

"कचेरीत जाऊन ये," तो म्हणाला. "तुला बोलता येतं. मी गेलो तर नुसता उभा राहीन."

कचेरी गावात होती. तिथं बाकडं होतं, त्यावर दोरवाली बसली. शिपाई आला आणि तिला उठवलं, कारण तिच्या लुगड्याला चिकटलेल्या वाखाच्या कुसळांनी बाकडं भरलं होतं. "साहेबलोक बसतात इथं," तो म्हणाला. ती भिंतीशी जमिनीवर बसली. आत-बाहेर करणारी माणसं तिच्या पायांना ओलांडून जात होती. मधल्या सुटीत कचेरी रिकामी झाली, पुन्हा भरली, तेव्हा तिला बोलावलं.

साहेबांच्या टेबलावर दोन मोबाइल होते. एक वाजला की ते दुसऱ्याकडं बघायचे.

"बाई, मोबाइल नाही असं एक घर मला दाखवा," साहेब म्हणाले.

"घरात आहे, साहेब. पण तो पोराच्या खिशात आहे. शेजारणीच्या घरात आहे, तो जावयाच्या खिशात आहे. बाईमाणसानं बोलायचं तर त्यांच्यासमोर बोलायचं, आणि बोलून झालं की ते बघणार कुणाला लावला होता."

"तो तुमचा घरातला प्रश्न झाला. खातं त्यात काय करणार?"

"खात्यानं काही करू नये. आहे ते राहू द्यावं."

"वापर शून्य आहे."

"येणारे फोन धरा ना, साहेब."

"येणारे फोन धरायची पद्धत नाही."

"विहिरीवर किती बायका पाणी भरून नेतात ते बघायचं, की किती जणी त्यात पाणी ओततात ते?"

बाजूच्या टेबलावरचा कारकून हसला. साहेबांना ते आवडलं नाही. "काय करता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"दोर वळतो."

"तरीच," कारकून म्हणाला. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही."

सगळी खोली हसली. दोरवाली पदराचं टोक हातात धरून उभी राहिली. हसणं संपेपर्यंत थांबावं लागतं, हे तिला माहीत होतं. संपल्यावर साहेब म्हणाले, "आठवड्यात वापर दिसला तर बघू. नाही दिसला तर नाइलाज. या आता."

ती परत आली तेव्हा धाकटा घरी जेवत होता. मोबाइल ताटाशेजारी ठेवलेला.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "जाऊ दे ना आई. जुनी झाली ती वस्तू. ताईला म्हणावं, माझ्या मोबाइलवर करत जा."

"तू दिवसभर बाहेर असतोस."

"मग दाजींना सांगतो, तुला एक घेऊन देतील. त्यांच्या ओळखीचं दुकान आहे."

"त्यांचं काही नको आम्हाला."

"तुझं आपलं काहीतरीच. चांगला माणूस आहे तो. आठवड्यातून दोनदा स्वतःहून चौकशी करतो. घरी कोण आलं, कोण गेलं, ताईचा फोन आला होता का."

दोरवालीच्या हातातली भाकरी मधेच राहिली. "आणि तू सांगतोस?"

"सांगायचं नाही का? घरचाच आहे."

तिनं भाकरी त्याच्या ताटात ठेवली आणि चुलीकडं तोंड केलं. दोरवाला दाराशी बसून दाव्याला गाठी मारत होता. त्यानं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दोरवालीनं बायकांना सांगितलं. इथून फोन करायचे. रोज. प्रत्येकीनं. शिंपीण तयार झाली, कोंबड्या पाळणारी म्हातारी तयार झाली, आणखी चार जणी आल्या. दुपारी सगळ्या नाणी मुठीत घेऊन बूथपाशी जमल्या आणि तेव्हा कळलं की कुणाला फोन लावायचा हेच कुणाला माहीत नाही.

"तुझ्या भावाला लाव."

"त्याचा नंबर मला कुठं ठाऊक? तोच करतो इथं."

"मग तुझ्या मुलीला."

"तीच करते."

एकेकीनं आठवून बघितलं. सगळ्यांना एकच नंबर पाठ होता, आणि तो ह्याच फोनचा होता. शिंपिणीनं तोही लावून पाहिला. तिकडून टूं टूं आलं.

"कुणीतरी बोलतंय," शिंपीण म्हणाली.

"तूच बोलतेस," म्हातारी म्हणाली. "दुसऱ्यांनाही बोलू दे."

हसून झालं तेव्हा दोरवालीची नजर बूथच्या आतल्या पत्र्यावर गेली. तिथं लाल अक्षरांत एक नंबर लिहिलेला होता. खाली लिहिलं होतं, 'तक्रारीसाठी'.

तिनं तो लावला. एका मुलीनं उचलला. "तक्रार बोला."

"तक्रार काही नाही बाई. बऱ्या आहात ना?"

"तक्रार नसेल तर फोन ठेवते."

"थांबा, थांबा. आहे." दोरवालीनं इकडंतिकडं बघितलं. "दार कुरकुरतं."

"नोंदवलं," मुलगी म्हणाली. फोन ठेवला आणि खटकन नाणं खालच्या खोबणीत परत आलं.

"अगं, पैसे परत देतो," शिंपीण म्हणाली. "खातं सुधारलं की."

मग रोज दुपारी रांग लागली. म्हातारीनं सांगितलं, आत मुंग्या होतात. शिंपीण म्हणाली, आवाज बारीक येतो. एकजण म्हणाली, आवाज फार मोठा येतो. काहीच सुचलं नाही तेव्हा एकीनं ऊन लागतं म्हणून नोंदवलं. पलीकडची मुलगी एक शब्द जास्त बोलत नव्हती, पण प्रत्येक वेळी 'नोंदवलं' म्हणत होती, आणि तो शब्द बायकांना फार धीराचा वाटत होता. इतक्या वर्षांत त्यांचं कुणी काही नोंदवलं नव्हतं. नाणी परत येत होती ती कुणालाच खटकली नाहीत.

सुटीचा दिवस उजाडला. थोरलीचा फोन दुपारी यायचा होता. दोरवाल्यानं चांगला सदरा काढून ठेवला होता, फाट्यावर उभं राहायचं म्हणून. सकाळचा एक दोर काढू, तेवढाच वेळ जाईल, असं म्हणून तो चाकाशी बसला तोच ट्रक आला. पुढं ठेकेदार, मागं पहारी घेतलेले दोन मजूर आणि लाइनमन.

लाइनमन उतरला पण पुढं आला नाही. दोरवालीच त्याच्याकडं गेली.

"मीटर बघितलंत का, भाऊजी? रोज फोन केलेत आम्ही."

"कुठं केलेत, वहिनी?"

तिनं सांगितलं.

लाइनमननं डोळे मिटले. "तो नंबर फुकटचा असतो. त्याचं मीटर पडत नाही." मग जमिनीकडं बघत म्हणाला, "अख्ख्या भागात सगळ्यात जास्त तक्रारी ह्या फोनच्या आल्या. बिघडलेला फोन म्हणून तो यादीत वर गेला. नाहीतर आज आलो नसतो, पुढच्या आठवड्यात आलो असतो."

शिंपीण ओट्यावरून उतरून आली होती, तिनं तोंडाला पदर लावला.

"दुपारपर्यंत थांबा," दोरवाली ठेकेदाराला म्हणाली. "एक फोन यायचा आहे. तो आला की न्या. मी स्वतः पहार धरते."

"मावशी, मला अजून दोन काढायचेत. दुपारपर्यंत बसलो तर मजुरांची रोजी तुम्ही देणार का?" ठेकेदार वाईट माणूस नव्हता. घाईत होता, आणि घाईतल्या माणसाला समोरचं माणूस दिसत नाही. "फोन काय, मोबाइलवर येईल. लावा रे पहार."

मजूर पुढं झाले. तोवर दोरवाला चाकापासून उठला होता. तीन पेडांची मोकळी टोकं ओढत तो बूथपाशी आला, लोखंडी पायाला त्यानं ती एकत्र अडकवून गाठ मारली आणि परत जाऊन चाकाशी बसला. बायकोला म्हणाला, "ठोकळा धर."

तिनं धरला. चाक फिरू लागलं. पेड ताणले गेले, मातीपासून वर उचलले गेले, आणि त्यांना पीळ बसू लागला तसे ते चाकाकडं ओढू लागले. दगडांनी भरलेला चाकाचा गाडा करकरत इंचाइंचानं पुढं सरकला. बूथचा सांगाडा कण्हला.

"हे काय चाललंय?" ठेकेदार म्हणाला.

"दोर," दोरवाला म्हणाला.

"सोडा तो."

"पुरा झाला की सोडतो."

"मग कापा रे तो."

एक मजूर विळा घेऊन पुढं झाला. लाइनमननं त्याचा दंड धरला. "ताणलेला पेड कापू नकोस. फटका डोळ्यावर बसला तर डोळा जाईल." मजुरानं त्या थरथरणाऱ्या पेडांकडं बघितलं आणि विळा खाली घेतला.

असं कोणी कधी दोर वळला नसेल. दोरवाला चाक इतकं हळू फिरवत होता की पीळ बसतोय की नाही ते दिसू नये. त्याच्या मानेवरच्या शिरा वर आल्या होत्या. दोरवालीचे पाय तापलेल्या मातीत भाजत होते. ठोकळा एक वीत सरकवायला ती एरवी दहा वितींना घेते तेवढा वेळ घेत होती. शिंपिणीनं दोघांच्या तोंडाला आळीपाळीनं पाण्याचा तांब्या लावला. वस्तीतल्या बायका येऊन कुडाशी उभ्या राहिल्या. कुणी घोषणा दिल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या.

ठेकेदारानं खिशातून मोबाइल काढला आणि तो सावलीत जाऊन बोलला. सगळ्यांना ऐकू गेलं, कारण त्यानं आवाज लपवला नव्हता. "साहेब, इथं तमाशा चाललाय. लाइन तिकडूनच तोडून टाका. हो, तिकडूनच. डबा नंतर नेतो."

एवढंच. कुणाला हात लावावा लागला नाही.

"शिंपीणबाई," दोरवाली म्हणाली, "उचलून बघ."

शिंपिणीनं बूथमध्ये जाऊन रिसीव्हर कानाला लावला. रोज त्यातून एक गुणगुण यायची. तिनं तो हलवला, पुन्हा लावला. मग बाहेर येऊन तिनं नुसती मान हलवली.

दोरवाल्यानं दांडा सोडला.

चाक उलटं भिरभिरलं. अर्धा वळलेला दोर सापासारखा उसळला, मातीत आपटला आणि गुरफटत, गाठी घेत बूथच्या पायाशी गोळा झाला. मजूर मागं उडाले. दोरवाल्यानं त्या गोळ्याकडं बघितलंही नाही.

"आपण जाऊ," तो बायकोला म्हणाला. "तिच्या फोनची वाट कशाला बघायची?"

"जावई गेला असेल की नसेल, कुणाला माहीत."

"नसला तर नसला."

धाकटा टेम्पो घेऊन नेमका तेव्हा आला. गर्दी बघून घाबरला, आणि कुठं जायचं ते कळल्यावर त्यानं सवयीनं खिशात हात घातला. "आधी दाजींना फोन करून विचारतो, येऊ का म्हणून."

दोरवाली त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुझ्या बहिणीला डाव्या कानानं ऐकू येत नाही. त्यानं मारलं. तू मागं एकदा त्याला फोन केलास ना भांडण मिटवायला? त्या दिवशी त्यानं तिला चिमट्यानं मारलं होतं. आता लाव फोन आणि विचार."

धाकट्याचा हात खिशातच राहिला. त्यानं बापाकडं बघितलं. बाप टेम्पोत चढून बसला होता. चांगला सदरा तसाच घरात राहिला.

"चल," दोरवाली म्हणाली.

टेम्पो निघाला. पत्र्याचा टप तापला होता, आणि धाकटा गाडी अशी हाणत होता की दोरवालीला हातानं दांडी धरून ठेवावी लागली. तळवे सोलले होते, दांडीला रक्ताचा ओलावा लागला. कारखान्याचं फाटक दिसलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

थोरली दुकानाच्या पायरीवर उभी होती. पायाशी गाठोडं. कानाला रिसीव्हर. टेम्पो थांबला, आई उतरली, तरी तिचं लक्ष गेलं नाही. ती बोटानं पुन्हा तोच नंबर फिरवत होती.

"मघापासून हेच चाललंय," दुकानदार म्हणाला. "ह्या बाईंना कितीदा सांगितलं, तो नंबर आता नाही. ऐकतच नाहीत."

दोरवालीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. थोरली दचकून मागं वळली. आईला बघितलं, आईच्या मागं बापाला बघितलं.

"मला वाटलं तुम्हीच काढून टाकलात," ती म्हणाली. "मी येऊ नये म्हणून."

दोरवालीनं तिच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि कानाला लावला. आतून एका बाईचा गोड, स्वच्छ आवाज येत होता. आपण लावलेला नंबर अस्तित्वात नाही. कृपया नंबर तपासून पाहा.

"कुणी सांगितलं तुला?" दोरवाली म्हणाली. "काल होता. सकाळपर्यंत होता. मी रोज पुसत होते तो. तुमच्या साहेबाच्या दारात मी जमिनीवर बसले, माझ्या अंगावरून माणसं गेली, तेव्हा तू कुठं होतीस? माझी पोर इथं उन्हात उभी राहून नंबर लावते, आणि तू तिला सांगतेस, तुझी आई नाही? हे बोलायचे पैसे मिळतात तुला?"

आपण लावलेला नंबर अस्तित्वात नाही, बाई म्हणाली.

"मावशी," दुकानदार हळूच म्हणाला, "ती टेप आहे. तिला ऐकू येत नाही."

"म्हणून तर तिला बसवलीय तिथं," दोरवाली म्हणाली आणि रिसीव्हर जागेवर ठेवला.

धाकट्यानं गाठोडं उचललं. बहिणीला पुढं आपल्या शेजारी बसवलं, तिचा ऐकू येणारा उजवा कान आपल्याकडं राहील असं. आईबाप मागं, वाखाच्या रिकाम्या पोत्यांवर. गाडी निघाली. कारखान्याची भिंत संपली आणि शेतं लागली तेव्हा धाकट्याच्या खिशातला मोबाइल वाजला. त्यानं बघितलं. गाडी कडेला घेतली. थोरलीनं नाव वाचलं आणि ओढणीचं टोक तोंडात धरलं.

"शेजाऱ्यांनी कळवलं असणार," ती म्हणाली.

धाकट्यानं बटण दाबलं. तिकडचा आवाज मागं बसलेल्यांनाही ऐकू येत होता. "तुझी बहीण कुठं आहे? तुझ्या गाडीत बघितलं लोकांनी. मला तिला न्यायला तिकडं यायला लावू नकोस." धाकटा तोंड उघडून बसून राहिला. इतके दिवस ह्या माणसाशी तो हसून बोलत आला होता, दुसरी भाषा त्याला येतच नव्हती.

मागून एक हात पुढं आला. घट्ट्यांचा, सोललेला. दोरवाल्यानं कधी मोबाइल हातात धरला नव्हता. त्यानं तो तोंडासमोर धरला, जसा पाण्याचा पेला धरतात तसा.

"मी बोलतोय, तिचा बाप," तो म्हणाला. "ती आमच्याजवळ आहे. आता इथून तिकडं येणार नाही. तुला काय बोलायचं असेल ते बोलायला घरी ये. मी घरीच असतो, अंगणात."

त्याचं बोलणं झालं होतं. पण पलीकडचा आवाज चालूच राहिला, चढत गेला, शिव्या द्यायला लागला. फोन कसा बंद करतात ते दोरवाल्याला माहीत नव्हतं, आणि त्यानं कुणाला विचारलंही नाही. त्यानं तो पोत्यावर उपडा ठेवला आणि त्यावर मांडी घालून बसला.

"काढ गाडी," तो मुलाला म्हणाला.

धाकट्यानं गाडी काढली. बराच वेळ त्या मांडीखालून बारीक, चिडका आवाज येत होता, डबीत सापडलेल्या माशीसारखा. थोरली आधी पुन्हा पुन्हा मागं वळून बघत होती. मग बघायची थांबली.

"बंद करू का, बाबा?" धाकट्यानं विचारलं.

"बोलू दे," दोरवाली म्हणाली. "त्याचेच पैसे जातायत."